न्हाणीघराची खिडकी

दिवाळीचा आरंभ कशाने होतो, असे विचारले तर कुणी आकाशकंदिलाचे नाव घेईल, कुणी चकलीच्या भाजणीचे. माझ्या मते तो कढत पाण्याने होतो. नरकचतुर्दशीच्या पहाटे आकाशात चांदण्या आहेत तोवर तेल-उटणे लावून पाटावर बसायचे आणि पहिला तांब्या खांद्यावर घ्यायचा. त्या तांब्यातले पाणी कोमट निघाले, तर पुढे फराळाचे ताट कितीही भरगच्च असो, त्या दिवाळीची लज्जत चार आण्यांनी कमीच!

म्हणून यंदा या सदरात कवी आणि नाटककार यांना जरा विश्रांती देऊन न्हाणीघरात शिरायचे ठरवले आहे. मराठीच्या प्राध्यापकाने गिझरवर लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण गेल्या हिवाळ्यात आमच्या नात्यातच असा एक प्रसंग घडला की, तो विषय माझ्याने सुटेना. शिवाय तो प्रत्येक घराच्या जिवाशी निगडित आहे.

मी राहतो वाशिंदला. कल्याण-कसारा मार्गावर खडवली आणि आसनगाव यांच्या मधले हे स्टेशन. १८५५ साली रेल्वे कल्याणहून इथवर आली आणि काही वर्षे इथेच थांबली होती. ‘तुमच्याकडे कसली आली आहे थंडी!’ असे म्हणणाऱ्या मुंबईकरांना मी एकच विनंती करतो : जानेवारीत पहाटे पाच वाजता वाशिंदच्या फलाटावर उभे राहून दाखवा. भातसेवरून उठणारे धुके, कापलेल्या भातखाचरांवरून येणारा वारा, आणि मफलरीतून फक्त डोळे बाहेर काढून लोकलची वाट पाहणारी मंडळी! अशा वेळी घरी न्हाणीघरात काय घडले आहे, हे माणसाच्या चेहऱ्यावरून ओळखता येते. ज्याचा गिझर चालला तो बोलका असतो. ज्याचा बंद पडला तो सहप्रवाशाच्या ‘नमस्कार’लाही उत्तर देत नाही.

पूर्वी हे काम बंबाकडे होते. हा ‘बंब’ शब्द मराठीत मोठा गमतीचा आहे. एक बंब पोटात विस्तव ठेवून पाणी तापवतो, आणि दुसरा बंब पोटात पाणी ठेवून विस्तव विझवतो! आमच्या आजोळी तांब्याचा बंब होता. दिवाळीच्या आदल्या दिवशी त्याला चिंच लावून लखलखीत घासायचे, कुंकवाची बोटे ओढायची आणि पाणी भरून ठेवायचे. बंबही रुसत असे, पण त्याचे रुसवे उघड असत. जाळीत राख साचली की ती खालून पाडायची. मधल्या नळ्यात काजळी धरली की ती काठीने खरवडायची. लाकूड ओले असले की आजी सगळ्यांच्या नावाने बोटे मोडायची. आणि काही बिघडले की धूर होई. डोळ्यांतून घळाघळा पाणी येई, खोकला येई, आणि माणूस आपोआप दार-खिडकी उघडी. तो धूर त्रासाचा खरा, पण धोक्याची वर्दी देणारा होता.

मग गॅसचा गिझर आला. आपल्या शहरी घरांत तो अलीकडे आला असला, तरी मूळ कल्पना जुनी. १८६८ साली लंडनमधल्या बेंजामिन वॅडी मॉघन नावाच्या गृहस्थांनी गॅसवर झटपट पाणी तापवणारे यंत्र काढले, आणि आइसलंडमधल्या उफाळणाऱ्या उष्ण झऱ्याच्या नावावरून त्याला ‘गिझर’ म्हटले. म्हणजे वाशिंदच्या बायका ‘गिझर लावा हो’ म्हणतात तेव्हा एक आइसलंडी शब्द उच्चारत असतात! या मॉघनसाहेबांच्या पहिल्या यंत्रात एक मोठीच उणीव होती : जळलेला वायू बाहेर नेणारे धुराडेच त्याला नव्हते. दीडशेहून अधिक वर्षे उलटली, तरी आपल्याकडचे पुष्कळसे लहान गिझर अजून तसेच बिनधुराड्याचे आहेत. हा मुद्दा ध्यानात असू द्या. पुढे त्याच्याशीच गाठ आहे.

आता हे यंत्र थंडीत नेमके का अडते, ते पाहू.

नळ सोडला की वाहत्या पाण्याच्या दाबाने आतला रबरी पडदा ढकलला जातो. त्या पडद्याला जोडलेली दांडी गॅसची वाट मोकळी करते आणि एक छोटा खटका दाबते. खटका दाबला गेला की दोन सेलांच्या जोरावर टिकटिक करीत ठिणगी पडते. ज्योत पेटली की नाही, हे पाहायला ज्योतीजवळ एक बारीक कांडी असते. तिला ज्योत लागली नाही, तर काही क्षणांत गॅस आपोआप बंद होतो. एवढाच सगळा कारभार. म्हणून गिझर रुसला की विचारायचे प्रश्न चारच : गॅस आहे का? पाणी आहे का? ठिणगी आहे का? हवा आहे का?

पहिला प्रश्न गॅसचा. ‘थंडीने गॅस गोठतो’ असे लोक सर्रास म्हणतात. आपल्या सिलिंडरात ब्युटेन आणि प्रोपेन यांचे मिश्रण द्रवरूपात असते. ब्युटेन शून्याखाली सुमारे अर्ध्या अंशाला उकळतो, तर प्रोपेन शून्याखाली ४२ अंशांना. त्यामुळे लडाखच्या हिवाळ्यात ब्युटेन सिलिंडरातून उठेनासा झाला तर ते समजण्यासारखे आहे. वाशिंदला तशी वेळ येत नाही. मात्र द्रवाचा वायू होताना तो सिलिंडरातली उष्णता शोषून घेतो, आणि प्रोपेन अधिक वेगाने उडून जातो. म्हणून संपत आलेला सिलिंडर थंड पहाटे मंदावतो. शेगडीवर चहा होतो, म्हणजे गॅस पुरेसा आहे, असे मात्र समजू नये. गिझरला शेगडीच्या चार-पाच बर्नरांएवढा गॅस एकदम लागतो. गरम पाण्याच्या बादलीत सिलिंडर ठेवणे, तो आडवा करणे, हे उपाय शेजारणीने कितीही आग्रहाने सांगितले तरी करू नयेत. सरळ दुसरा सिलिंडर लावावा.

दुसरा प्रश्न पाण्याचा. यासाठी एक बादली आणि घड्याळ पुरे. १५ लिटरची बादली पाच मिनिटांत भरली, तर धार बहुधा पुरेशी आहे; सात-आठ मिनिटे लागत असतील, तर तो रबरी पडदा हलणारच नाही. वरच्या मजल्यावर टाकी डोक्याच्या थोडीच वर असते, म्हणून तिथे हा दोष अधिक. पुष्कळदा पाणी आत शिरते त्या तोंडाशी असलेली बारीक जाळी क्षाराने आणि गाळाने भरलेली असते. ती काढून धुतली की काम होते.

याच्या उलट तक्रारही असते : ‘गिझर चालतो, पण पाणी कोमटच येते.’ यात यंत्राचा दोष नसतो, गणित असते. सहा लिटरचा गिझर म्हणजे मिनिटाला सहा लिटर पाण्याचे तापमान साधारण २५ अंशांनी वाढवणारा. एप्रिलमध्ये टाकीतले पाणीच २८ अंशांचे असते, ते ५३ वर जाते. जानेवारीत १८ अंशांचे पाणी ४३ वरच थांबते. आणि कुणी घाईने नळ पुरता सोडून नऊ लिटरची धार केली, तर ३५! अशा वेळी गिझरला नावे ठेवण्याऐवजी धार बारीक करावी.

तिसरा प्रश्न ठिणगीचा, म्हणजे सेलांचा. सेलातली रासायनिक क्रिया थंडीत मंदावते. ताजा सेल हे निभावून नेतो. अर्धामेला सेल मात्र नेमका थंडीतच उघडा पडतो. टिकटिक होते, ज्योत क्षणभर पेटते आणि विझते, कारण गॅसची झडप उघडी धरण्याइतका जोर त्याच्यात उरलेला नसतो. दिवाळीला सेल बदलावेत आणि तारीख आतल्या बाजूला लिहून ठेवावी.

आणि चौथा प्रश्न हवेचा. तो कुणीच विचारत नाही. इथेच मला गेल्या संक्रांतीची हकीकत सांगितली पाहिजे.

माझी थोरली बहीण स्टेशनपलीकडे तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहते. गिझर न्हाणीघरातच, घरमालकाने बसवलेला. ऐन थंडीत तो पेटून विझू लागला. ताईने दुरुस्तीवाल्याला बोलावले. त्याने सेल बदलले आणि जाताना सांगितले, “ताई, खिडकीतून वारा येतो, त्याने ज्योत विझते. थंडीभर खिडकी बंद ठेवा.” भावोजींनी काचेच्या पट्ट्यांवर पुठ्ठा लावून टाकला. गिझर छान चालू लागला. न्हाणीघरही उबदार झाले. घरात त्या दुरुस्तीवाल्याची वाहवा झाली.

तिसऱ्या दिवशी संक्रांत. मी तिळगूळ घेऊन गेलो, तेव्हा घरातल्या चार जणांच्या अंघोळी एकामागून एक चालल्या होत्या. सर्वांत शेवटी माझी भाची गेली. बराच वेळ झाला. मग कडी वाजली आणि ती भिंतीला धरूनच बाहेर आली. “मामा, डोकं फार ठणकतंय. पायच उचलत नाहीयेत,” एवढे बोलून ती मटकन खाली बसली.

ताई म्हणाली, “उपाशीपोटी अंघोळीला गेली ना! परीक्षेची जागरणं चालली आहेत. साखर-पाणी देते.” भावोजींनी करोनाच्या दिवसांत घेतलेले ते बोटाला लावायचे यंत्र आणले. त्याने ९८ दाखवले. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला.

शेजारी एक काका राहतात. कारखान्यात फिटर म्हणून सारा जन्म घालवून निवृत्त झालेले. गलबला ऐकून ते दारात आले, न्हाणीघराकडे पाहिले, पुठ्ठा पाहिला आणि मला म्हणाले, “सर, गिझर बंद आहे ना, बघा. ते ९८ राहू द्या. पोरीला गच्चीवर मोकळ्या हवेत न्या, आणि तिथून सरळ डॉक्टरकडे. डॉक्टरांना गिझरचं सांगायला विसरू नका.” आम्ही तसेच केले. डॉक्टरांनी ताबडतोब प्राणवायू लावला. दुपारपर्यंत भाची तिळगूळ मागू लागली, तेव्हा ताईला रडू फुटले.

संध्याकाळी काकांनी जे केले, ते आमच्या कॉलेजातल्या तर्कशास्त्राच्या वर्गात शिकवावे असे होते. त्यांनी पुठ्ठा काढला, खिडकी सताड उघडली आणि गिझर सुरू केला. ज्योत तेवत राहिली. मग त्यांनी कचऱ्याच्या डब्यातून जुने सेल काढून घातले. ज्योत पेटली आणि विझली. “दोष सेलांचा होता,” काका म्हणाले. “त्याने दोन कामं एकदम केली, म्हणून श्रेय खिडकीला गेलं. यंत्र दुरुस्त करताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी, सर.” भांडणांपासून आजारांपर्यंत संसारातल्या कितीतरी दुरुस्त्यांना हे वाक्य लागू पडते.

आता त्या बंद न्हाणीघरात काय घडले, त्याचा हिशेब मांडू. सहा लिटरचा गिझर तासाला सुमारे एक किलो गॅस जाळतो. एक किलो गॅस नीट जळायला सुमारे बारा घनमीटर हवा लागते. आपले बेताचे न्हाणीघर जेमतेम आठ घनमीटरांचे. म्हणजे दहा मिनिटांच्या एका अंघोळीत खोलीतली पावभर हवा त्या ज्योतीने खाऊन टाकली! चार अंघोळी लागोपाठ झाल्या, मध्ये दार उघडले म्हणून थोडी हवा आली. तरी शेवटच्या माणसाच्या वाट्याला काय उरले, ते दिसतेच आहे. हवा अपुरी पडली की ज्योत अर्धवट जळते, निळ्याची पिवळी होते, आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू बाहेर पडतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि बंबाच्या धुरासारखा तो डोळ्यांना झोंबतही नाही. सिलिंडरातल्या गॅसला मुद्दाम वास लावलेला असतो, पण जळून झालेल्या या विषाला वास कोण लावणार? आपल्या रक्तातले हिमोग्लोबिन या वायूला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरून ठेवते. आणि बोटाला लावायच्या साध्या यंत्राला या दोहोंतला फरक कळत नाही. म्हणून तर ते ९८ दाखवते.

हे काही वाशिंदचेच दुखणे नव्हे. थोर फ्रेंच कादंबरीकार एमिल झोला १९०२ सालच्या सप्टेंबरात पॅरिसमधल्या आपल्या घरी रात्री झोपले ते उठलेच नाहीत. शेगडीचे धुराडे तुंबले होते आणि हाच वायू खोलीत साचला होता. त्यांची पत्नी वाचली. आपल्याकडच्या डॉक्टरांना तर हा प्रकार इतक्यांदा दिसला आहे की, वैद्यकीय लिखाणात त्याला ‘गॅस गिझर सिंड्रोम’ असे नावच पडले आहे. न्हाणीघरात माणूस बेशुद्ध पडतो, कधी झटके येतात, आणि गिझरचा विषय निघाला नाही तर फेफऱ्याची औषधे सुरू होण्याचा धोका असतो.

अमेरिकेत काही मंडळी मोटारीवरच घर थाटून गावोगाव हिंडतात. त्यांच्या त्या फिरत्या घरातही प्रोपेनवर चालणारी शेगडी असते, आणि तीही नेमकी कडाक्याच्या थंडीत बंद पडते. कारणे तीच : बॅटरी उतरली, गॅस मंदावला, वाऱ्याची वाट अडली. पण तिच्या रचनेत एक शहाणपण आहे. पंखा सुरू होऊन पुरेसा वारा वाहतो आहे, हे एक छोटी पट्टी आधी तपासते. त्याशिवाय ठिणगीच पडत नाही. जळायला हवा बाहेरून घेतात आणि जळलेला वायू बाहेरच सोडतात. माणसाच्या श्वासाची हवा वेगळी, ज्योतीची वेगळी. आपला साधा गिझर पाणी वाहते का, एवढेच विचारतो. हवेची चौकशी त्याने आपल्यावर सोपवली आहे.

तेव्हा ती आपण करू या. सर्वांत उत्तम म्हणजे गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेच्या सज्जात बसवावा आणि आत फक्त पाण्याचा नळ न्यावा. ताईच्या घरमालकांनी, काकांनी समोर बसून समजावल्यावर, आठवड्याच्या आत तसे करून दिले. हे शक्य नसेल, तर खिडकी उघडी ठेवून बादली भरून घ्यावी, गिझर बंद करावा, आणि मगच अंघोळीला बसावे. दोन अंघोळींच्या मध्ये दार-खिडकी उघडी टाकावी. ज्योत पिवळी दिसली किंवा वरच्या पत्र्यावर काजळी धरली, तर साफसफाई होईपर्यंत गिझर लावू नये. नवा घेताना भारतीय मानकाची खूण पाहावी. या लहान गॅस गिझरांसाठी २००५ साली आयएस १५५५८ हे मानक ठरले आहे. कुणी कारागीर ‘ती ज्योत तपासणारी कांडी काढून टाकू, कटकटच नको’ म्हणाला, तर त्याला चहा पाजून वाटेला लावावे. आणि न्हाणीघरात कुणाला घेरी आली, तर आधी गिझर बंद करून त्या माणसाला बाहेर ओढावे, १०८ क्रमांकाला फोन लावावा आणि डॉक्टरांना गिझरचे सांगावे.

थंडीत खिडकी उघडी ठेवायची म्हणजे अंगावर काटा येणारच. घरातली मुले कुरकुर करतील. वडीलधारी मंडळी ‘आमच्या वेळी असं नव्हतं’ म्हणतील. त्यांना सांगावे की, तुमच्या वेळी धूर होता, तो खिडकी उघडायला लावायचा. आता ते काम आपल्यालाच लक्षात ठेवून करायचे आहे. अभ्यंगस्नानाच्या पहाटे तर घरातली पाच-सात माणसे पाठोपाठ न्हाणीघरात जाणार. त्यांतल्या शेवटच्या माणसालाही पहिल्याइतकीच स्वच्छ हवा मिळेल, एवढे पाहावे. आणि तुमच्या न्हाणीघराच्या खिडकीला पुठ्ठा, वर्तमानपत्र किंवा जुना टॉवेल लावलेला असेल, तर तो आजच काढावा.